माळावरचा रंग

दिवाळीच्या सुमारास सासवडच्या माळावर धनगरांचे वाडे उतरतात. तिन्हीसांजेला जाळीची वाघूर लागते, मेंढरं आत जातात आणि कुत्री बाहेर चहूबाजूंनी अंग टाकतात. गेल्या वर्षी एका वाड्यावर मी पाच मोजली: एक काळं, एक तांबूस, एक पट्टेरी, दोन कबरी. काळ्याच्या दोन्ही भुवयांवर तांबडे ठिपके होते. ऋग्वेदात यमाच्या दोन कुत्र्यांना चार डोळ्यांचे म्हटलं आहे; ते अशा ठिपक्यांवरूनच असावं, हा अभ्यासकांचा तर्क मला पटतो. जात कुठली, असं विचारल्यावर म्हातारे मेंढपाळ बाबा म्हणाले, "रंगाचं काय घेऊन बसलात? रातच्याला लांडगा आला की उठतंय का, ते बघायचं."

कुत्र्याच्या केसात रंगद्रव्यं दोनच. एक काळं, एक पिवळं-तांबडं. चॉकलेटी रंग म्हणजे काळ्याचंच बदललेलं रूप. यातलं कुठलं, केव्हा आणि अंगावर कुठे तयार व्हायचं, हे जनुकं ठरवतात. लांडग्याचा एकच केस उजेडात धरून पाहावा: टोक काळसर, खाली फिकट पट्टा, मग पुन्हा गडद. केस वाढत असतानाच अगूटी नावाचं जनुक काळं द्रव्य थांबवतं आणि पुन्हा सुरू होऊ देतं. जर्मन शेफर्डच्या लांडगी रंगामागेही हेच जनुक आहे.

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये आता बॉर्डर कॉली आणि ऑस्ट्रेलियन शेफर्ड दिसू लागले आहेत. मेंढरं हाकायला घडवलेल्या या जातींत निळसर-राखाडी ठिपक्यांचा 'मर्ल' रंग फार देखणा. 2006 साली टेक्सासमधल्या संशोधकांनी त्याचं मूळ शोधलं: रंगद्रव्य घडवण्यात भाग घेणाऱ्या एका जनुकात डीएनएचा आगंतुक तुकडा घुसलेला असतो. असा एक तुकडा सहसा निभावतो. मर्ल नर आणि मर्ल मादी एकत्र आणली, तर सरासरी चारात एका पिल्लाला तो दोन्हीकडून मिळतो. अशी पिल्लं बरीचशी पांढरी होतात, आणि त्यातली अनेक बहिरी किंवा डोळ्यांनी अधू निघतात; कारण आतल्या कानालाही ऐकण्यासाठी रंगपेशी लागतात. हे माहीत असून केवळ रंगासाठी अशी जोडी लावणं मला क्रूर वाटतं. पिल्लू घेताना आई-बाप दोघांचेही रंग विचारावेत.

काळ्या रंगाची गोष्ट तर थेट माळाशी येऊन भिडते. अनेक जातींमधला एकरंगी काळा ज्या जनुकामुळे येतो, ते रोगप्रतिकारक प्रथिनांच्या घराण्यातलं आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या काळ्या लांडग्यांना तो रंग त्यांच्या पूर्वजांचा कुत्र्यांशी जो संकर झाला त्यातून मिळाला, हे 2009 मध्ये सिद्ध झालं. इकडे पुण्याजवळच्या माळावर द ग्रासलँड्स ट्रस्टच्या निरीक्षकांना वेगळ्याच, पिवळसर अंगाचं लांडग्यासारखं जनावर दिसलं. बेंगळुरूच्या एनसीबीएस आणि एट्री या संस्थांतल्या शास्त्रज्ञांबरोबर जनुकीय तपासणी झाली आणि 2023 मध्ये निष्कर्ष छापून आला: लांडगा आणि कुत्रा यांचा संकर. संशयाचा पहिला धागा होता रंग.

माळ तुटतो, वस्ती सरकते, कचऱ्यावर मोकाट कुत्री वाढतात. एकट्या पडलेल्या लांडग्याला मग जोडीदार म्हणून कुत्रंच भेटतं. रेबीज आणि डिस्टेंपर हे रोगही त्याच वाटेनं येतात. सासवड-जेजुरीच्या माळालगतच्या गावांत कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण तातडीनं व्हायला हवं. त्या संध्याकाळी मी निघताना बाबांनीही तेच विचारलं, "कुत्र्याला टोचायची सुई कुठं मिळंल? पाची जणांना पायजे."