विश्लेषण : चेहरा जुळला नाही तर बोलणी कुणाला? अंगणवाडी सेविकांवर ‘ॲप’चा ताण का?

अंगणवाडीत शिधा घ्यायला आलेल्या आईचा चेहरा मोबाइलवर जुळला नाही, की ती चिडते ती समोरच्या सेविकेवर. ॲप बनवणारा तिला दिसत नाही, सेविका रोज दिसते. देशातल्या सुमारे १४ लाख अंगणवाड्यांत गेल्या काही वर्षांत झालेल्या बदलाचा हा भाग आकडेवारीत येत नाही.

नेमके काय बदलले?

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ ॲप आणले. मुलांची हजेरी, वजन, उंची, आहार या नोंदी वहीतून मोबाइलवर गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. मोबाइल जुने, ॲप इंग्रजीत आणि दुरुस्तीचा खर्च पदरचा, ही तक्रार होती.

१ जुलै २०२५ पासून घरी नेण्याच्या शिध्यासाठी चेहरा पडताळणी सक्तीची झाली. त्याआधी लाभार्थीचे आधार ई-केवायसी करावे लागते आणि त्यासाठी ओटीपी लागतो. आता आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा आणि नवरा ऊसतोडीला गेलेला असेल, तर ओटीपी विचारायला फोन कुणी करायचा? अर्थात सेविकेने.

याचा मनाशी काय संबंध?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेले सूत्र इथे चपखल बसते. कामाचा रेटा जास्त आणि त्यावर स्वतःचे नियंत्रण कमी, अशा ठिकाणी मानसिक ताण सर्वाधिक असतो. नेटवर्क, सर्व्हर, ओटीपी यातले काहीच सेविकेच्या हातात नाही. उत्तर मात्र तिनेच द्यायचे, तेही मानधनावर.

असा ताण लांबला, की ‘बर्नआउट’ येतो. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणते. गळून गेल्यासारखे वाटणे, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा आणि आपल्याकडून काही होत नाही ही भावना, ही त्याची तीन लक्षणे. लहान मुले आणि गरोदर बायांसोबतच्या कामात यातले दुसरे लक्षण जास्त महागात पडते, असे आम्हाला वाटते.

योगाचे शिबिर पुरेसे आहे का?

नाही. संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत व्यक्तीसाठीच्या उपायांबरोबरच कामाची पद्धत बदलणे आणि वरिष्ठांना प्रशिक्षण देणे यांचाही समावेश आहे. अंगणवाडीच्या भाषेत सांगायचे, तर मागे पडलेल्यांची नावे व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याऐवजी मुख्यसेविकेने फोन करून अडचण विचारावी. मासिक बैठकीचा काही वेळ फक्त अडचणींना द्यावा. नवी प्रणाली स्थिरावेपर्यंत जुनी समांतर चालवणे ही सॉफ्टवेअरमधली जुनीच रीत आहे. त्याच धर्तीवर, चेहरा जुळला नाही त्या दिवशी वहीतली सही ग्राह्य धरली, तर सेविका आणि आई यांच्यातला वादच टळतो.

मदत कुठे मिळेल?

झोप उडणे, सतत रडू येणे किंवा कामावर जायची धास्ती वाटणे असे दिवसेंदिवस चालले असेल, तर केंद्राच्या ‘टेली-मानस’ या मोफत सेवेला १४४१६ वर चोवीस तास फोन करता येतो. मराठीतही बोलता येते.