'बॉज' आणि बॉजर : शब्दाची छान गोष्ट हा पुरावा नसतो

गळक्या नळाला चिकटपट्टी आणि सुतळी गुंडाळून तो कसाबसा बंद केला, की इंग्लंडमधली माणसं त्या कामाला 'बॉज' म्हणतात. काम झालंय, पण किती दिवस टिकेल देव जाणे. आपलं 'ठिगळ' याच्या जवळ जातं. 'जुगाड' तितकं नाही, कारण जुगाडात कौतुक असतं आणि बॉजमध्ये बहुतेक वेळा नाक मुरडलेलं असतं.

हा शब्द आला कुठून? याची एक फार गोड गोष्ट सांगतात. लंडनच्या वायव्येला चिल्टर्नच्या टेकड्या आहेत. तिथल्या बीच झाडांच्या जंगलात खुर्च्यांचे पाय कातणारे कारागीर राहायचे, त्यांना 'बॉजर' म्हणत. ते फक्त पाय आणि आडव्या दांड्या करायचे. बैठक, पाठ, जोडणी हे सगळं हाय विकम गावातल्या कारखान्यांत. म्हणजे बॉजरचं काम कायम अर्धवट, म्हणून अर्ध्यामुर्ध्या कामाला 'बॉज'. झालं!

मीही ही गोष्ट एका टिपणात बिनधास्त लिहिली होती. गाईडने समासात एवढंच लिहिलं : "साल?" मग शोधायला बसले.

साल बघितल्यावर गोष्ट उलटी पडते. ढिसाळ दुरुस्ती या अर्थाने 'बॉज' १६व्या शतकाच्या मध्यापासून लिखाणात सापडतो. खुर्चीचे पाय कातणारा या अर्थाने 'बॉजर' छापील स्वरूपात दिसतो तो थेट १९१०च्या सुमाराला. इथे तुम्ही म्हणाल, लिखाणात उशिरा आला म्हणजे बोलण्यात नव्हता असं कुठे आहे? बरोबर आहे. 'पहिला लिखित दाखला' आणि 'शब्दाचा जन्म' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बोलींच्या बाबतीत तर फारच वेगळ्या, कारण जंगलात लाकूड कातणाऱ्या माणसाचं बोलणं कोण लिहून ठेवणार? पण इथे दुसरा पुरावा मदतीला येतो. हाय विकमचा खुर्च्यांचा मोठा धंदाच १८व्या शतकाच्या अखेरीपासून वाढला. ज्या कामविभागणीवर ही गोष्ट उभी आहे, तीच शब्दाच्या दोनशे वर्षांनंतरची! नुसत्या शब्दकोशातल्या सालापेक्षा हा मुद्दा जास्त भक्कम आहे.

शिवाय या कारागिरांचं काम ढिसाळ अजिबात नव्हतं. ताजं, ओलं लाकूड फोडायचं, तासायचं आणि पायाने चालवायच्या लेथवर कातायचं. डोक्यावर एक लवचीक काठी, तिला बांधलेली दोरी लाकडाभोवती गुंडाळून खाली पायट्याला. पाय दाबला की लाकूड फिरतं आणि हत्यार लागतं. पाय सोडला की काठी दोरी परत खेचते. म्हणजे कात फक्त अर्ध्या फेरीला. तयार पाय वाळवून ग्रोसच्या, म्हणजे १४४च्या हिशोबाने कारखान्याला द्यायचे. त्या गठ्ठ्यातला कुठलाही पाय कुठल्याही खुर्चीला बसला पाहिजे. याला 'कसंबसं' म्हणणं अन्यायच.

मग 'बॉज'चं मूळ? बहुतेक अभ्यासक त्याला 'बॉच' या जुन्या शब्दाचं रूप मानतात. शेवटचा 'च' जाऊन 'ज' होणं इंग्रजीत इतरत्रही दिसतं : जुना 'ग्रच' आज 'ग्रज' झालाय, 'पर्ट्रिच'चा 'पार्ट्रिज' झालाय. म्हणजे ध्वनी जुळतात, अर्थ जुळतो, काळही जुळतो. तीन स्वतंत्र बाजू एकाच दिशेने बोट दाखवतात, तेव्हा व्युत्पत्तीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. गंमत म्हणजे 'बॉच'ला सुरुवातीला वाईट अर्थच नव्हता. १४व्या शतकाच्या अखेरीस वायक्लिफच्या अनुयायांनी केलेल्या बायबलच्या भाषांतरात तो मंदिराच्या डागडुजीसाठी साधेपणाने वापरलाय. 'दुरुस्ती'ची 'वाईट दुरुस्ती' नंतर झाली. खुर्चीवाल्या 'बॉजर'चं मूळ मात्र अजून नक्की नाही. फेरीवाला व्यापारी या अर्थाच्या 'बॅजर'शी काहीजण ते जोडतात.

बोलीतल्या शब्दांवर काम करायचं असेल तर जोसेफ राइट यांचा सहा खंडांचा इंग्रजी बोलीकोश (१८९८ ते १९०५) एकदा उघडून बघाच. हा माणूस लहानपणी यॉर्कशरच्या गिरणीत राबला, पंधराव्या वर्षापर्यंत त्याला धड वाचता येत नव्हतं, आणि पुढे तो ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झाला. त्याच्या कोशात शब्दापुढे परगण्यांची नावं असतात. कुठल्या भागात कुठला अर्थ, हे त्यातून कळतं. मूळ कळेलच असं नाही, आणि आपण नवखे लोक नेमकी इथेच गल्लत करतो : शब्द कुठे वापरतात याचा पुरावा देतो आणि तो कुठून आला हे सिद्ध झालं असं धरून चालतो.

सराव म्हणून मराठीतला 'पाट्या टाकणे' घ्या. मजूर, मातीच्या पाट्या, पाट्यांवर मजुरी, ही गोष्ट आपल्यापैकी बरेचजण ठोकून देतात. मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) ऑनलाइन शोधता येतो. 'पाटी' आणि 'टाकणे' दोन्हीकडे बघा, मग जुन्या छापील मजकुरात हा वाक्प्रचार आधी कधी आणि कुठल्या अर्थाने आलाय ते शोधा. जे सापडेल ते सालासकट कमेंटमध्ये टाका.