पुढाऱ्याची करुणा

पुढारी म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें बहुधा मोठा आवाज, उगारलेलें बोट आणि मागें निमूटपणें चालणारे लोक उभे राहतात. वर्गाचा मुख्य निवडतांना किंवा खेळाच्या संघाचा नायक ठरवितांनाही आपण प्रथम पाहतों तें हें कीं, ह्याला इतर मुलें भितात काय! करुणा हा गुण आपण आईकडे, फार तर वैद्याकडे सोंपवून मोकळे होतों. पुढाऱ्याच्या अंगीं ती असली तर शोभेची, नसली तरी चालेल, असा आपला समज असतो. हा समज किती पोकळ आहे हें पाहावयाचें, तर जेथें एका चुकीनें प्राण जातात अशा ठिकाणीं एखादा पुढारी कसा वागला हें पाहिलें पाहिजे. म्हणून आज मी तुम्हांस दक्षिण ध्रुवाकडील हिमसागरांत नेतों.

सर अर्नेस्ट शॅकल्टन हा १८७४ सालीं आयर्लंडांत जन्मलेला दर्यावर्दी. १९०९ च्या जानेवारींत तो व त्याचे तीन सोबती दक्षिण ध्रुवापासून शंभर सागरी मैलांच्या आंत पोहोंचले. तोंपर्यंत इतक्या दक्षिणेस कोणीही गेलें नव्हतें. आणखी कांहीं दिवस चालण्याचा हट्ट धरला असता तर जगांत नांव झालें असतें. परंतु मग परतीच्या वाटेस शिधा पुरला नसता. हें ओळखून तो माघारी वळला. त्या परतीच्या वाटेवर फ्रँक वाइल्ड हा सोबती आजारानें क्षीण झाला, तेव्हां शॅकल्टननें आपल्या वांट्याचें एक बिस्किट त्याला बळेंच घ्यावयास लाविलें. ज्यांच्या घरीं दोन वेळां चूल पेटते, त्यांस त्या एका बिस्किटाची किंमत कळणें कठीण आहे. वाइल्डला ती कळली. पुढें सात वर्षांनीं त्याच्याच हातीं एकवीस माणसांचे जीव सोंपवावयाचे होते.

५ डिसेंबर १९१४ रोजीं शॅकल्टन 'एन्ड्युअरन्स' नांवाच्या जहाजानें दक्षिण जॉर्जिया बेटावरून निघाला. बरोबर सत्तावीस माणसें होतीं. जानेवारींत वेडेल समुद्राच्या बर्फांत जहाज रुतलें, ऑक्टोबरांत बर्फाच्या दाबानें फुटलें, आणि २१ नोव्हेंबर १९१५ रोजीं बुडालें. (तें २०२२ च्या मार्चांत सुमारें तीन हजार मीटर खोल पाण्यांत सांपडलें; त्यावरील नांव अजून वाचतां येतें.) आतां पायांखालीं तरंगता बर्फ, आणि आपण कोठें आहों हें जगाला ठाऊक नाहीं, अशी ह्या लोकांची स्थिति झाली.

झोंपण्यासाठीं केंसाळ कातड्याच्या उबदार पिशव्या अठराच होत्या. बाकीच्या लोकरीच्या, म्हणजे कमी उबेच्या. चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. आश्चर्य असें कीं, शॅकल्टन, वाइल्ड, कप्तान वर्स्ली अशा वरिष्ठांस लोकरीच्याच पिशव्या आल्या, आणि सगळ्या खलाशांस कातड्याच्या! ह्यांत कांहीं लबाडी आहे हें एका खलाशानें तेव्हांच ओळखलें होतें. असल्या लबाडीबद्दल शिक्षा करावी असें कोणत्याही शिक्षकास वाटणार नाहीं. सामान कमी करतांना प्रत्येकास दोन पौंड वजनाच्या खाजगी वस्तूंची मुभा होती. शॅकल्टननें प्रथम आपल्याच सोन्याच्या मोहरा बर्फावर टाकिल्या; मात्र हसी नांवाच्या सोबत्याचें बँजो हें जड वाद्य बरोबर घ्यावयास लाविलें, कारण खचलेल्या मनालाही औषध लागतें. कुरकुर करणारीं व मान न मिळाल्यास रुसणारीं माणसें त्यानें दूर लोटलीं नाहींत. तीं आपल्याच तंबूंत, आपल्या नजरेखालीं ठेविलीं.

१९१६ च्या एप्रिलांत ते लोक होड्यांतून एलिफंट बेटावर पोहोंचले. तेथून २४ एप्रिलला शॅकल्टन पांच माणसांसह तेवीस फुटी होडींतून सुमारें आठशें मैलांवरील दक्षिण जॉर्जियाकडे मदतीसाठीं निघाला. ह्या प्रवासांतील एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. एखादा गडी थंडीनें विशेष कांपूं लागला असें दिसलें कीं शॅकल्टन सर्वांसाठींच गरम पेय करण्याचा हुकूम देई. कोणासाठीं तें केलें हें त्या गड्यास कळूं देत नसे. कळलें असतें तर 'माझी दशा इतकी वाईट झाली काय' ह्या भीतीनेंच तो अर्धा मेला असता. उपकाराचें ओझें न घालतां उपकार करणें ही कला आहे, आणि तिच्यासाठीं दुसऱ्याच्या मनांत शिरावें लागतें. नुसती दया वरून खालीं पाहते. ही दृष्टि शेजारीं बसून पाहते. परदुःख शीतल असतें खरें, पण ज्याला तें शीतल वाटत नाहीं त्याच्याच हुकुमावर उपाशी माणसें वल्हीं मारतात.

तथापि शॅकल्टनला देव्हाऱ्यांत बसविण्याचें कारण नाहीं. मॅक्निश हा सुतार बर्फावर एकदां त्याच्या आज्ञेविरुद्ध उभा राहिला होता. अन्नाच्या टंचाईमुळें कुत्र्यांबरोबर ह्या सुताराची लाडकी मांजरही गोळी घालून मारली गेली होती. तें दुःख त्याच्या मनांतून गेलें नाहीं. ह्याच मॅक्निशनें त्या होडीच्या बाजू उंच करून तिला कापडाचें छत बांधिलें, म्हणून ती तरली. असें असूनही पुढें बहुतेक सर्वांस ध्रुवपदक मिळालें, तेव्हां मॅक्निशला तें देण्याची शिफारस शॅकल्टननें केली नाहीं. मला हें अन्यायाचेंच वाटतें. इतरांच्या थंडीचा अंदाज घेणाऱ्याला ह्या एका माणसाचा राग कसा समजला नाहीं, हें नवल आहे.

तीन प्रयत्न बर्फामुळें फसल्यावर, ३० ऑगस्ट १९१६ रोजीं, चिलीच्या 'येल्चो' जहाजानें शॅकल्टन एलिफंट बेटाजवळ आला. किनाऱ्यावरील आकृति तो एकेक करून मोजीत होता. बावीस भरल्या! मागें राहिलेल्या वाइल्डनें इतके महिने आपल्या लोकांस वेळोवेळीं सामान बांधावयास सांगून, 'आज येतील' ही आशा जिवंत ठेविली होती.

परंतु मोहिमेची दुसरी तुकडी खंडाच्या पलीकडे, रॉस समुद्राच्या बाजूस अडकली होती, आणि तिच्याकडे जाणाऱ्या 'ऑरोरा' जहाजाचें नायकत्व दुसऱ्या कप्तानाकडे दिलेलें होतें. शॅकल्टन त्या कप्तानाच्या हाताखालीं दुय्यम म्हणून गेला. १९१७ च्या जानेवारींत तो तेथें पोहोंचला तेव्हां दहांपैकीं सात जण जिवंत होते.