ही किंकाळी कुणाची?

वीकेंड, महाबळेश्वर आणि बाबांची जुनी मारुती ८००! महाड एमआयडीसीच्या फाट्याजवळ बॉनेटखालून अशी किंकाळी आली, की चहावाल्यानेही मान वळवली. माझा उपाय तयार होता, पट्ट्याला साबण.

"ताई, आवाज थांबेल, पट्टा घसरतच राहील," गॅरेजवाले काका म्हणाले. "पुढं आंबेनळी घाट आहे."

अल्टरनेटर आणि वॉटर पंप याच फॅन बेल्टवर फिरतात. तो घसरला की चार्जिंग कमी, चढावर इंजिन गरम. काकांनी इंजिन बंद करून अंगठ्याने पट्टा दाबला. जेमतेम १ सेंटिमीटर दबायला हवा; आमचा चांगलाच ढिला, वर काचेसारखा गुळगुळीत. मग नवाच टाकला. फार ताणायचा नाही, पंपाचं बेअरिंग जातं.

नवा पट्टा सुरुवातीला थोडा सैल होतोच. म्हणून पोलादपूरला पुन्हा बॉनेट उघडलं. (इंजिन बंद करून हं!) या वेळी अंगठा माझा.