जुनिपर ओळखावा पानांवरून, पण कोणत्या पानांवरून?

बोन्साय करणाऱ्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते. मऊ पाल्याचा जुनिपर हौसेने घरी आणला, कुंडी बदलली, आकार दिला आणि सहा महिन्यांत त्याला टोचरी, काटेरी पाने फुटली. मग शंका येते की नर्सरीत दुसरीच जात गळ्यात मारली. बहुतेक वेळा जात तीच असते. झाडाने फक्त आपली बालपणीची पाने पुन्हा काढलेली असतात.

जुनिपर सह्याद्रीत रानात कुठेच उगवत नाही. भारतात त्याचे घर हिमालयात आहे. लाहौल, किन्नौर, लडाखच्या कोरड्या उतारांवर त्याच्या जाती वाढतात आणि आयुर्वेदातली हपुषा ही त्यातल्याच एका जातीची फळे. त्यामुळे सातारा-सांगलीत आपण पाहतो तो प्रत्येक जुनिपर बाहेरून आणलेला, बहुधा कटिंगपासून वाढवलेला असतो. लहानपणापासून पाहिलेले झाड आपण न बघताही ओळखतो. जुनिपरच्या बाबतीत ती सवय नाही, म्हणून पानांकडे नीट पाहायला शिकावे लागते.

पानांचे बालपण आणि प्रौढपण

लहान झाडाची पाने वेगळी आणि मोठ्या झाडाची वेगळी, हा प्रकार आपल्या बांधावरही आहे. फणसाच्या कोवळ्या रोपाच्या पानांना खाचा असतात, मोठ्या झाडाची पाने अखंड असतात. सामाजिक वनीकरणात रस्त्याकडेला लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रोपाला पहिली काही पाने आपल्या बाभळीसारखी बारीक दलांची येतात. पुढे देठच रुंद होऊन पानाचे काम करतो आणि दलांची पाने दिसेनाशी होतात.

निलगिरीचे उदाहरण तर जुनिपरवाल्यांनी मुद्दाम जाऊन पाहावे असे आहे. तिच्या रोपाची पाने रुंद आणि आखूड, मोठ्या झाडाची लांब, अरुंद आणि वाकडी. पण मोठी निलगिरी बुडातून तोडली की बुंध्यातून जे धुमारे फुटतात त्यांना पुन्हा रोपासारखी रुंद पाने येतात. झाड म्हातारे, पाने बालपणीची. जुनिपरच्या फांद्या निर्दयपणे छाटल्यावर जे होते ते याच जातकुळीतले आहे.

सुई आणि खवला

जुनिपरच्या बियांपासून आलेल्या प्रत्येक रोपाला आधी सुईसारखी पाने येतात. चायनीज जुनिपरमध्ये ही सुई साधारण ५ ते १० मिलिमीटर लांब, टोकदार, वरच्या बाजूला दोन पांढुरके पट्टे असलेली. हात लावला की टोचते. झाड वयात आले की अनेक जातींमध्ये फांद्यांच्या टोकांना दुसरी पाने येऊ लागतात. ही दोन-तीन मिलिमीटरचे खवले, समोरासमोर जोडीने, फांदीला घट्ट चिकटलेले. अशी डहाळी बारीक गोफासारखी गोल आणि मऊ लागते.

हा बदल सगळीकडे एकदम होत नाही. वरच्या, उन्हातल्या, जोमदार टोकांना खवले आधी येतात. आतल्या आणि खालच्या फांद्यांवर सुया रेंगाळतात. चायनीज जुनिपरवर तर दोन्ही पाने वर्षानुवर्षे एकत्र नांदतात. म्हणून फोटोतल्या एका डहाळीवरून जात सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. झाड वरून, खालून आणि आतून पाहिल्याशिवाय बोलू नये.

आधी ते जुनिपर आहे ना?

आपल्याकडे सर्वांत जास्त गफलत मोरपंखीशी होते. मोरपंखीच्या डहाळ्या सपाट आणि उभ्या असतात, जणू इस्त्री केलेल्या. जुनिपरच्या डहाळ्या चारी बाजूंनी भरलेल्या असतात. फळ असेल तर प्रश्नच मिटतो. मोरपंखीचे फळ निळसर हिरवे, वाकड्या टोकांचे असते आणि वाळल्यावर लाकडी होऊन उकलते. जुनिपरचे फळ मांसल, गोल बोरासारखे दिसते आणि उकलत नाही. मात्र मोरपंखीच्या रोपालाही सुरुवातीला सुईसारखी पाने येतात, हे विसरू नये.

पिवळसर, चुरगळल्यावर लिंबासारखा वास येणारे छोटे झाड गोल्डन सायप्रस असते, गोल्डन जुनिपर नव्हे. आणि सुरूची जी ‘सुई’ वाटते ती बारीक सांध्यांची फांदी असते. तिची खरी पाने म्हणजे प्रत्येक सांध्यावरचे इवलेसे दात. सुरू बोन्सायला उत्तम, पण त्याचा जुनिपरशी काहीही संबंध नाही.

आता जाती

पहिला प्रश्न असा विचारावा: या झाडावर कुठेतरी, अगदी शेंड्याला तरी, खवले आहेत का?

एकही खवला नसेल तर भिंग घेऊन सुईचा बुडखा पाहावा. कॉमन जुनिपर आणि जपानी नीडल जुनिपर या जातींत प्रत्येक सुई फांदीला स्पष्ट सांध्यावर जोडलेली असते. तीन-तीन सुयांचे चक्र असते आणि वरच्या बाजूला पांढरा पट्टा एकच. या जाती जन्मभर सुयाच ठेवतात. त्यांना खवले येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. नीडल जुनिपरची सुई तर इतकी कडक असते की जपानी कारागीरही हातमोजे घालून काम करतात.

बुडखा सांध्यावर न थांबता फांदीला चिकटून खाली उतरत गेलेला दिसला तर तीन शक्यता उरतात. पहिली प्रोकम्बेन्स. हा जमिनीलगत पसरणारा जपानी जुनिपर, त्याचा ‘नाना’ हा ठेंगणा प्रकार जगभर नवशिक्यांचे पहिले बोन्साय असतो. सुया तीन-तीन, आखूड, आणि खालच्या बाजूला बुडाशी दोन पांढरे ठिपके. ते ठिपके भिंगातून दिसले की ओळख पक्की होत जाते. दुसरी स्क्वामाटा. ही हिमालयापासून चीनपर्यंत सापडणारी जात. सुया निळसर आणि टोचऱ्या, वाळलेली तपकिरी पाने फांदीवरून गळत नाहीत, बराच काळ तशीच राहतात. ‘ब्लू स्टार’ आणि ‘मेयेरी’ हे तिचे बागेतले प्रकार. तिसरी शक्यता म्हणजे अजून वयात न आलेला किंवा अशक्त झालेला चायनीज जुनिपर. त्याच्या सुया कुठे तीन-तीन, कुठे दोन-दोन अशा मिसळलेल्या सापडतात. प्रोकम्बेन्समध्ये तीनचा हिशेब चुकत नाही. माझ्या मते ही मोजणी रंगापेक्षा कितीतरी जास्त भरवशाची आहे.

खवले असतील तर बहुधा आपण चायनीज जुनिपरच्या गोतावळ्यात असतो. ‘काइझुका’ किंवा हॉलीवूड जुनिपर उंच, पिळदार फांद्यांचा, जवळजवळ पूर्ण खवल्यांचा. ‘सॅन होजे’ पसरट, आणि त्यावर सुया नि खवले कायम मिसळलेले. सॅन होजेवरच्या सगळ्या सुया घालवण्याचा हट्ट धरणारे झाडाला विनाकारण शिणवतात.

याच गोतावळ्यातला शिंपाकू म्हणजे बोन्सायवाल्यांचे स्वप्न. त्याची मूळ झाडे जपानच्या डोंगरकड्यांवरून आणलेली. निगाता भागातल्या इतोइगावाचा पाला बारीक आणि तजेलदार हिरवा, तर ‘की’ नावाच्या द्वीपकल्पावरचा किशू किंचित निळसर आणि दाट गुच्छांचा. जपानमध्ये जुन्या, खरबरीत पाल्याच्या खोडावर इतोइगावाची कलमे बांधून सगळा पालाच बदलून टाकतात. पण इतोइगावा आणि किशू यांतला फरक फक्त निरोगी, प्रौढ खवल्यांवर दिसतो. सुयांच्या अवस्थेतले रोप कोणी ‘अस्सल इतोइगावा’ म्हणून चढ्या भावाने देत असेल तर पानांवरून ते सिद्ध करता येत नाही.

राहिला आपल्याकडच्या नर्सऱ्यांतला ‘प्रोस्ट्राटा’. हे व्यापारातले नाव आहे. त्याखाली वेगवेगळे पसरणारे जुनिपर विकले जातात. त्यांना नावावरून नव्हे, वरच्याच कसोट्यांवरून तपासावे.

सुया परत का येतात

झाडावर ताण आला की प्रौढ फांदीही सुया काढते. एकाच वेळी फार पाला काढणे, मुळे जास्त कापणे, कुंडीत पाणी साचणे, सावली, शेंडे सतत खुडणे ही नेहमीची कारणे. आपल्या दोन जिल्ह्यांत यातली कारणे जागेप्रमाणे बदलतात.

महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथली थंडी जुनिपरला मानवते, हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या परिसरात दवही गोठते. पण पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि अनेक आठवडे धुके. ऊन नाही आणि मुळे ओली. महाबळेश्वर-पाचगणीकडे झाड पावसापासून आडोशाला आणि तरीही उजेडात ठेवणे हेच मोठे काम. सांगली-मिरजेत उलट स्थिती. उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास, एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांकडे जातो, हिवाळ्याची विश्रांती जेमतेम. तिथे सकाळचे ऊन आणि दुपारनंतर शेडनेट द्यावे. माण-खटाव, आटपाडी, जतच्या कोरड्या हवेत उथळ कुंडी दिवसभरात सुकते, तिकडे पाण्याच्या वेळा सांभाळाव्या लागतात.

मातीचे म्हणाल तर कृष्णाकाठची काळी माती उसाला चांगली, जुनिपरच्या कुंडीला घातक. चाळलेला मुरूम, विटेचे बारीक तुकडे, जाड वाळू असे पाणी झटकन सोडणारे मिश्रण हवे.

उन्हाळ्यात आणखी एक फसगत होते. लाल कोळी लागला की पाला राखाडी, निस्तेज दिसतो आणि लोक त्याला ‘निळसर जात’ समजतात. फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटकावी. कागदावर ठिपके चालू लागले तर तो रंग जातीचा नाही, किडीचा आहे.

सुया आल्या तर काय करावे? काही महिने काहीच कापू नये. सुया हा झाडाचा सावरण्याचा मार्ग असतो, त्या उपटल्या की ते आणखी अशक्त होते. शेंडे मोकळे वाढू द्यावेत. उन्हात ठेवावे, कुंडी बदलू नये. टोकांना खवले येऊन ती लांबली की मग जुन्या सुया थोड्या थोड्या काढाव्यात. पूर्ववत व्हायला एक ते तीन वर्षे लागू शकतात. पुढे खवल्यांची टोके खुडत बसू नये. वाढलेला शेंडा बारीक कात्रीने आतल्या जोडावर कापावा.

शास्त्रज्ञही फसले होते

कटिंग ज्या पाल्याचे, रोपही बहुतेक त्याच पाल्याचे होते. सुयांच्या फांदीपासून केलेली रोपे दीर्घकाळ सुयांचीच राहू शकतात. १९ व्या शतकात युरोपात जुनिपरच्या नात्यातल्या सायप्रस आणि थुजाची अशी रोपे ‘रेटिनिस्पोरा’ या वेगळ्याच नावाने विकली जात. जर्मन उद्यानतज्ज्ञ लुडविग बाइसनर यांनी दाखवून दिले की त्यांतली बरीचशी रोपे म्हणजे ओळखीच्याच झाडांची गोठून राहिलेली बालरूपे आहेत. ते वेगळ्या वंशाचे नाव आता वापरातून गेले आहे.

विकत घेताना

खालच्या फांदीवरच्या सुया आणि शेंड्याचे खवले, दोन्ही पाहा. बुडखा पाहा, तीन-तीन की दोन-दोन ते मोजा. एखाद्या टोकाला ताजी, फिकट वाढ आहे का तेही बघा, कारण मुळे मेल्यावरही जुनिपर कित्येक आठवडे हिरवा दिसतो. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनात बोन्सायही मांडलेली असतात. सातारा-सांगलीहून जाणाऱ्यांनी तिथे जुने, प्रौढ पाल्याचे जुनिपर जवळून पाहून घ्यावेत.

आणि रोपवाटिका चालवणाऱ्यांना एक विनंती. रोपावर जातीचे नाव लिहाल तेव्हा कटिंग सुयांच्या फांदीचे की खवल्यांच्या, तेही लिहा. घेणाऱ्याला पुढची दहा वर्षे त्याचा उपयोग होईल.