यादीतला शेजारी

अमेरिकेत लैंगिक गुन्हेगारांची सरकारी यादी कुणालाही पाहता येते. १९९६च्या ‘मेगन्स लॉ’ची ही देन. शेजाऱ्याचा फोटो तिच्यात दिसला की पोटात गोळा येणारच. पण आधी नीट वाचा: कलम कोणतं, वर्ष कोणतं, गुन्हा लहान मुलाविरुद्धचा होता का? नमस्कार-चमत्कारापुरते संबंध ठेवा, मुलांना त्या घरी एकटं पाठवू नका. या माहितीच्या जोरावर त्याला छळणं, धमकावणं हा मात्र गुन्हाच. भारतात २०१८पासून अशी नोंद आहे, पण फक्त पोलिसांसाठी. आणि मुलांवर अत्याचार करणारे बहुतेक जण ओळखीचेच असतात, अनेकदा नात्यातले. त्यांच्यातल्या अनेकांची नावं यादीत नसतात. ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणणाऱ्या मोठ्या माणसाबद्दल घरी लगेच सांगायचं, हे मुलांना आजच शिकवा.