साइड व्हॉल्व्ह ते ट्विन कॅम
चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. म्हणून व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो. तो आणि व्हॉल्व्ह कुठे बसवले आहेत, यावरून प्रकार ठरतात. साइड व्हॉल्व्ह रचनेत दोन्ही ब्लॉकमध्येच असतात. १९०८च्या फोर्ड मॉडेल टीचे इंजिन असेच होते: सुटे भाग कमी, दुरुस्ती सोपी, पण वायूची वाट वळणाची आणि कॉम्प्रेशन बेताचे.

पुढे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, कॅमशाफ्ट खालीच राहिला. त्याची हालचाल पुशरॉड आणि रॉकर वर पोचवतात. अँबेसेडरचे १४८९ सीसी पेट्रोल इंजिन आणि मुंबईत कुर्ल्याला पूर्वी तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन याच जातीचे. या साखळीचे वजन सतत वर-खाली हलवावे लागते. आरपीएम फार वाढले की स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेत मिटवता येत नाही. तरी ही रचना मोडीत निघालेली नाही. तिच्यामुळे इंजिन बुटके राहते, आणि शेवरले कॉर्व्हेटमध्ये पुशरॉडचे व्ही-८ आजही आहे.

मारुती ८००मध्ये कॅमशाफ्ट हेडवरच असून टायमिंग बेल्टने फिरतो. पुशरॉड लागत नाहीत. ट्विन कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्टसाठी वेगळे कॅमशाफ्ट असतात. त्यामुळे सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह आणि मधोमध स्पार्क प्लग बसवणे सोपे जाते. प्यूजोच्या शर्यतीच्या गाडीने १९१२मध्येच हे करून दाखवले होते. खर्च आणि आकार मात्र वाढतो.

बेल्टवाली जुनी गाडी घेताना बेल्ट कधी बदलला ते जरूर विचारावे. तो तुटला तर अनेक इंजिनांत पिस्टन आदळून व्हॉल्व्ह वाकतात.